सेनाइदाला रीतसर मागणी

मंगळवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी सेनाइदा गुआंदिनांगो रुमीलोमा गावाच्या वरच्या कालव्यात गुडघाभर पाण्यात उभी होती आणि फावड्याने झडपेखालचा गाळ ओढत होती. ऑगस्ट हा आमच्याकडे वाऱ्याचा महिना. रात्री वारा सुटला की निलगिरीची पानं, काटक्या, कुणाचं तरी प्लास्टिक येऊन झडपेत अडकतं, पाणी तुंबतं आणि खालच्या वस्तीत भांडण लागतं. भांडणाच्या आधी तिथे पोचायचं, हे पाणी मंडळाच्या अध्यक्षाचं पहिलं काम. दुसरं काम झडपांच्या किल्ल्या सांभाळणं. सेनाइदाच्या किल्ल्या कमरेच्या विणलेल्या पट्ट्याला बांधलेल्या असतात. झोपतानाही त्या सुटत नाहीत, असं तिचा नवरा सांगतो.

खालच्या पायवाटेने दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक शेजारी थांबला आणि तिथूनच ओरडला, "उपराष्ट्राध्यक्षीणबाई! देशाचं मागाहून बघा, आधी आमच्या बटाट्याला पाणी सोडा!"

"सकाळी सकाळी घेतलीस का रे?"

"मी नाही, रेडिओने घेतलीय. इबार्राचं स्टेशन लाव. 'अल्सीवार-गुआंदिनांगो, अल्सीवार-गुआंदिनांगो' असा घसा फोडतोय कधीचा."

सेनाइदाने फावडं काठावर टेकवलं. "मी हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

"मग रेडिओला कुणी सांगितलं?"

तिने झडप थोडी वर उचलली, पाणी खाली धावताना पाहिलं आणि घराकडे निघाली.

प्रकरण सुरू झालं होतं आदल्या शुक्रवारी. इंजिनिअर वेलिंग्टन अल्सीवार हा किनाऱ्यावरच्या मानाबी प्रांतातला माणूस. पूल बांधून मोठा झाला, आता राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार होता. किनाऱ्यावर त्याच्या सभांना मैदानं पुरत नव्हती आणि डोंगरात त्याचं नाव धड उच्चारणारा माणूस मिळत नव्हता. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष अशी दोघांची जोडी एकत्र उभी राहते, आणि आता कायदा असा की जोडीत एक पुरुष आणि एक बाई असलीच पाहिजे. त्या बाईच्या शोधात अल्सीवारचा प्रचारप्रमुख डॉक्टर पात्रिसिओ एगास रुमीलोमाला आला. हा डॉक्टर औषधं देत नाही. वकिलाला आमच्याकडे डॉक्टर म्हणायची पद्धत आहे.

एगास अंगणात बाकावर बसला, सरळ मुद्द्याचं बोलला आणि सेनाइदा कॉफी करायला आत गेली तशी त्याने फोन लावला.

"सापडली, इंजिनिअर. एका बाईत तिन्ही कामं उरकतात. बाई आहे, डोंगरातली आहे, मूळनिवासी किचवा आहे. वर बोलतेही बरी."

सेनाइदा कप घेऊन दारात उभी होती. तिने कॉफी दिली, साखर किती ते विचारलं. तो उत्तरासाठी थांबला तेव्हा म्हणाली, "घरी विचारते, डॉक्टर."

राजधानी क्वितोच्या वकिलाला हे लाजरं 'हो' वाटलं. रुमीलोमात 'घरी विचारते' याचा अर्थ घरी विचारायचं आहे, एवढाच होतो. आणि अध्यक्षाच्या बाबतीत घर म्हणजे पाणी मंडळातली झाडून सगळी घरं.

सेनाइदा बावन्न वर्षांची आहे. तिची आई होआकिना हिने तरुणपण एका जमीनदाराच्या वेठीला काढलं. जमिनीचा एक तुकडा कसायला मिळायचा, त्याला पाणी मात्र मालकाचं भिजवून उरलं तर. सेनाइदा बाराव्या वर्षी क्वितोला घरकामाला गेली. तिथल्या बाईंना तिचं नाव मोलकरणीच्या मानाने फार ऐटबाज वाटलं, म्हणून त्या तिला मारिया म्हणत. आधीच्या मुलीलाही त्या मारियाच म्हणत. सेनाइदा लिहायला-वाचायला शिकली ती त्यांच्या स्वयंपाकघरात, रेडिओवर लागणाऱ्या शाळेच्या वर्गातून, भांडी घासता घासता. एकोणिसाव्या वर्षी परत आली, सेगुंदो पेरुगाचीशी लग्न केलं, तीन मुलं वाढवली.

सेगुंदो म्हणजे दुसरा. डोंगरात दर तिसऱ्या घरात एक सेगुंदो असतो, मग तो घरातला कितवाही असो. हा पाच भावांत थोरला आहे.

सात वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या गुलाबाच्या कंपन्यांनी पाइप टाकून दिवसा पाणी ओढायला सुरुवात केली आणि खालचे बटाटे करपले. तेव्हा सेनाइदा पाणी मंडळाची अध्यक्ष झाली. पाटबंधाऱ्याच्या साहेबाला तिने कार्यालयातून उठवून कालव्यावर आणलं, बूट काढायला लावले आणि पाण्यात उभं केलं. साहेबाचे घोटेसुद्धा भिजले नाहीत. त्या वर्षी कालव्याच्या तोंडाशी मोजपट्टी बसली आणि कंपन्यांचा वाटा किती, गावाचा किती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू लागलं. यंदा इबार्राच्या एका सभेत कुणी अधिकारी म्हणाला की पाण्याच्या प्रश्नाचा अभ्यास चालू आहे. सेनाइदा मागून उठली. "साहेब, पाण्याला अभ्यास लागत नाही, उतार लागतो. उतार आमच्याकडे आहे. पाणी तुमच्याकडे अडकलंय." हे कुणीतरी फोनवर टिपलं आणि ते देशभर फिरलं. एगासने तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्यातच.

मंगळवारी ती घरी पोचली तेव्हा तिची कोमाद्रे लूस मारिया अंगणात रडकुंडीला येऊन बसली होती. लूस मारियाच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सेनाइदा उभी राहिली होती; तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे सख्ख्या बहिणीहून जवळच्या.

"कोमाद्रे, मला मार," लूस मारिया म्हणाली.

"का?"

"काल दुपारी तू कालव्यावर होतीस. मी इथे लोकर कातत बसले होते. तो वकील आला, टोपली पुढे केली. टूना माशाचे डबे, तेल, शेवया, बिस्किटं, गोड वाइन. मला वाटलं प्रचाराची टोपली. दर निवडणुकीला वाटतात तशी. मी म्हटलं, देव भलं करो, आणि आत नेऊन ठेवली."

"आत? उंबऱ्याच्या आत?"

"चुलीपाशी. आणि बिस्किटं पोरांनी संपवली."

सेनाइदा खाली बसली. आता तिला रेडिओचा उलगडा झाला. इबार्राच्या प्रचार कार्यालयात एगासला कुणीतरी सांगितलं होतं की डोंगरात मागणी घालायला टोपली नेतात, आणि टोपली घरात गेली की समजायचं होकार मिळाला. माहिती खरी होती, पण अर्धी. मागणी घालणारा टोपली घेऊन स्वतः येतो, दाराबाहेर ताटकळतो, पहिल्यांदा नकार ऐकतो, पुन्हा मागतो. घरची वडील माणसं शब्द देतात, आणि मगच टोपली उंबरा ओलांडते. एगासने शेवट तेवढा ऐकला होता. टोपली आत जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली आणि गाडीत बसताच रेडिओला फोन केला.

दुपारी गावाच्या सभाघरात पाणी मंडळाची बैठक भरली. बसायला जागा नव्हती. मागच्या बाकांवरून आवाज आला, "टूनाच्या डब्यावर पाणी विकलं!"

"गोड वाइन विसरलास," दुसरा म्हणाला.

"इथे तू अध्यक्ष, तिथे उपाध्यक्ष. वर चाललीस की खाली, सेनाइदा?"

हशा झाला, पण तो चांगला हशा नव्हता. लूस मारिया उठून उभी राहिली. "टोपली मी घेतली. चूक माझी. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा." कुणी ओरडलं नाही, पण कुणाचं समाधानही झालं नाही. टोपली कुणीही घेतली असो, ती आत गेली होती. गावाला न विचारता गावाचा शब्द देशभर वाजत होता.

"तुला जायचंय का, एवढं सांग," एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जायचंय," सेनाइदा म्हणाली.

ती नाही म्हणेल, रडेल, शपथा घेईल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती.

"कालव्याच्या तोंडाशी मी सात वर्षं उभी आहे," ती म्हणाली. "पाणी कुणाला किती हे तिथे ठरत नाही. ते वर ठरतं. मला वर जायचंय. पण तुम्ही पाठवलंत तर. शनिवारी क्वितोत त्यांच्या पक्षाचं अधिवेशन आहे. तिथे निवडणूक मंडळाच्या माणसासमोर ज्याने त्याने आपल्या तोंडाने हो म्हणायचं असतं. तुमचा शब्द पाठीशी नसेल तर मी म्हणणार नाही. मग मी त्यांच्या जोडीतली नुसती बाई. तशा बायका त्यांना क्वितोत ढिगाने मिळतील."

तिने पट्ट्याच्या किल्ल्या सोडल्या आणि टेबलावर ठेवल्या. सात वर्षांत पहिल्यांदा.

किल्ल्या कुणी उचलेना. शेवटी पहिल्या रांगेतली होआकिना काठी टेकत उठली. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. तिने किल्ल्या घेतल्या आणि शालीच्या आत टाकल्या.

"मुलगी मागायला कुणी वेडावाकडा आला की आपण काय करतो?" तिने सभेला विचारलं.

"टोपली परत पाठवतो," बायका म्हणाल्या.

"मग पाठवा. त्याला खरंच हवी असेल तर नीट मागेल. नीट मागितली की बघू. तोवर किल्ल्या माझ्याकडे."

टोपली भरायला तासभर गेला. डबे, तेल, शेवया, वाइन होतं तसं होतं. बिस्किटांची जागा मोकळी होती. टोपली मोकळी परत करणं आमच्यात अपशकुन. त्यामुळे घराघरातून अंडी आली, गवतात लपेटून नीट रचली गेली, आणि बुधवारी सकाळी सेगुंदो ती टोपली मांडीवर घेऊन इबार्राच्या बसमध्ये बसला.

प्रचार कार्यालयात एगासने गवत बाजूला केलं आणि खूश झाला. "अरे वा, गावठी अंडी! डोन्या सेनाइदांना माझे आभार सांगा." आदराने बाईंना डोन्या म्हणतात.

"आभार कसले, डॉक्टर? टोपली परत आलीय."

"पण अंडी..."

"आम्ही नकारसुद्धा मोकळ्या हाताने देत नाही."

एगासचा चेहरा उतरला. त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन चालू होता. पलीकडे अल्सीवार होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. "कोण आहे तिथे?" फोन म्हणाला.

"सेगुंदो पेरुगाची. तुम्ही ज्या बाईंचं नाव रेडिओवर दिलंत त्यांचा नवरा."

"सेगुंदो भाऊ, काय बिघडलं?"

"मागणी न घालताच नेलीत, इंजिनिअर."

"हे बघा, आमच्या मानाबीत मागणी-बिगणी कुणी घालत नाही. पोरीला घोड्यावर बसवायचं आणि नदीपार व्हायचं. आईबाप दोन दिवस रुसतात, तिसऱ्या दिवशी कोंबडी कापतात. माझ्या बापाने हेच केलं, मीही हेच केलं."

"तेच म्हणतोय मी. घोडा नव्हता म्हणून रेडिओवर पळवलीत."

फोन एवढ्या जोरात हसला की टेबल थरथरलं. "मग आता काय करू?"

"ज्याला जोडी हवी त्याने यावं. वकील पाठवून कुणी बायको आणतं का? चौकात गाडी सोडायची, टोपली आपल्या पाठीवर. दुकानातलं काही नको. तुमच्या घरचं जे उत्तम ते आणा."

"आणलं की हो म्हणतील?"

"पहिल्यांदा कुणीच हो म्हणत नाही," सेगुंदो म्हणाला. निघताना त्याने वाइन तेवढी परत मागितली, कारण टोपली परत केल्यावर ती तिथे राहणं बरोबर दिसत नव्हतं आणि बसचा रस्ता लांब होता. एगासने दिली.

गुरुवारी दुपारी अल्सीवार आला. आडव्या अंगाचा माणूस, समुद्रकाठी जन्मलेला. रुमीलोमाच्या चढावर किनाऱ्याच्या माणसाचा श्वास तसाही पुरत नाही आणि याच्या पाठीवर टोपली होती. चौकापासून घरापर्यंत तो तीनदा थांबला. दुतर्फा गाव उभं होतं.

"काय हो इंजिनिअर, इथे एक पूल बांधा की!"

"बांधतो... आधी... श्वास..."

मागे एगास चकचकीत बुटांनी धूळ चुकवत येत होता, आणि त्याच्या मागे इबार्रा रेडिओची बातमीदार माइक धरून. मंगळवारपासून ती दर बातमीपत्रात हेच प्रकरण चालवत होती.

घराचं दार बंद होतं. अल्सीवारने ठोठावलं. उघडलं नाही. वारा सुटला होता, धुरळा डोळ्यांत जात होता. टोपली खाली ठेवायची नसते हे त्याला सेगुंदोने सांगितलं होतं, म्हणून तो ती पाठीवर घेऊन उभा राहिला. बराच वेळ गेला.

"इंजिनिअर, पाचला तुलकानला सभा आहे," एगास कुजबुजला.

"तुम्ही जा. मुलगी मला मागायचीय."

दार किलकिलं झालं. होआकिना गळ्यात सोनेरी मण्यांच्या माळा घालून उभी होती, सणाला घालते तशी.

"कोण?"

"वेलिंग्टन अल्सीवार, आजी."

"काय पाहिजे?"

"तुमची मुलगी. जोडीला."

"मुलगी लहान आहे," होआकिना म्हणाली. "आळशी आहे. स्वयंपाक येत नाही." आणि दार लावून घेतलं.

पहिल्या नकाराचे शब्द पिढ्यान्पिढ्या हेच आहेत. पण मुलगी बावन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी, त्यामुळे गाव हसून लोळायचं बाकी राहिलं. भिंतीवर बसलेला सेगुंदो म्हणाला, "स्वयंपाकाचं मात्र खरं आहे." आतून सेनाइदाचा आवाज आला, "रात्री उपाशी झोपायचंय का?"

दुसऱ्यांदा ठोठावल्यावर दार पूर्ण उघडलं. अल्सीवारला आत बसवलं. टोपली उंबऱ्याबाहेरच राहिली. बायकांनी तिथेच ती उघडून पाहिली. हिरवी केळी, सुकवलेले मासे, आणि केळीच्या पानात बांधलेली कोरडी चटणी, भाजलेला मका आणि शेंगदाणे एकत्र कुटून केलेली. "माझ्या आईने काल कुटली," अल्सीवार म्हणाला. होआकिनाने उकडलेल्या बटाट्याला चटणी लावून तोंडात टाकली. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"बरी आहे," ती म्हणाली. रुमीलोमात खाण्याला याहून मोठी दाद मिळत नाही.

मग सेनाइदा बोलली. तिने आवाज चढवला नाही. "इंजिनिअर, डॉक्टर तुम्हाला फोनवर म्हणाले की माझ्यात तीन कामं उरकतात. बाई, डोंगरातली, किचवा. ती तर मी बसून राहिले तरी उरकतात. करायचं काम कुठलं देणार?"

अल्सीवारने एगासकडे पाहिलं. एगासने बुटांकडे पाहिलं.

"सामाजिक विषय," अल्सीवार म्हणाला. "महिला, डोंगरी समाज, गरिबी..."

"मिंगेला गेला आहात कधी? सगळं गाव मिळून कालवा खणतो तेव्हा?"

"नाही."

"मिंगेत 'सगळ्यांनी थोडं थोडं खणा' असं कुणी सांगत नाही. सांगितलं तर संध्याकाळी कालवा होता तिथेच असतो. तिथे हातात फावडं देतात आणि खुंट्या ठोकतात. इथून तिथपर्यंत तुझं. घटना मी वाचलीय. उपराष्ट्राध्यक्षाला स्वतःचं काम नाही. राष्ट्राध्यक्ष देईल ते काम. मग खुंटी ठोका. पाणी. ज्या गवताळ माथ्यावरून ते येतं तो माथा, तिथपासूनचे कालवे, आणि वाटप करणारी माणसं कुणी नेमायची ते. इथून तिथपर्यंत माझं."

"इंजिनिअर," एगास घाईने म्हणाला, "त्या खात्याबद्दल आपण शब्द देऊन बसलोय."

"कुणाला?" सेनाइदाने विचारलं.

बाहेर बातमीदाराने माइक खिडकीत आणून धरला होता. अल्सीवारने कपाळ पुसलं.

"गुलाबवाल्यांना," तो म्हणाला.

अंगणात कुजबुज उठली. भिंतीवरून सेगुंदो खाली उतरला. दोन माणसं टोपली उचलायला वाकली, परत न्यायला. तेवढ्यात होआकिनाने काठी जमिनीवर आपटली.

"त्यांच्याकडे तू स्वतः गेला होतास का?" तिने अल्सीवारला विचारलं.

"नाही, आजी. डॉक्टर गेले होते."

"मग तो शब्द वकिलाचा. तुझा कुठाय?"

आधी बायका हसल्या, मग अंगण हसलं, आणि शेवटी अल्सीवारही हसला, पण लगेच थांबला. त्याने मनाशी गणित मांडलं असणार. अधिवेशन शनिवारी होतं, नाव जाहीर होऊन बसलं होतं, डोंगरात त्याला मतं नव्हती आणि ती मिळवून देणारी दुसरी बाईही नव्हती. गणिताखेरीज आणखी काही त्याच्या मनात होतं का, यावर रुमीलोमात आजही एकमत नाही. तो उठला, खिडकीपाशी गेला.

"हे चालू आहे का?" त्याने बातमीदाराला विचारलं.

"थेट जातंय, इंजिनिअर."

"ऐका. मी वेलिंग्टन अल्सीवार, रुमीलोमात, डोन्या सेनाइदा गुआंदिनांगो यांच्या घरात उभा आहे. निवडून आलो तर पाण्याचं सगळं काम, माथ्यापासून कालव्यापर्यंत, त्यांचं. माणसं त्या नेमतील. मी ढवळाढवळ करणार नाही. याआधी कुणी कुणाला काही शब्द दिला असेल तर तो माझा नव्हता. हा माझा आहे."

"खुंटी ठोकली," सेगुंदो मोठ्याने म्हणाला.

होआकिनाने अल्सीवारचा हात घेतला, सेनाइदाचा घेतला आणि एकावर एक ठेवला. लूस मारिया उंबऱ्यापाशी गेली. तिने टोपली उचलली, या वेळी सगळ्यांच्या देखत, आणि आत आणून चुलीपाशी ठेवली. गाव टाळ्या वाजवू लागलं. कुणीतरी बासरी काढली. मक्यापासून आंबवलेली चिचा वाटली गेली. एगासनेही दोन वाट्या घेतल्या आणि त्या दिवशी तुलकानची सभा झाली नाही.

किल्ल्या मात्र अजून म्हातारीच्या शालीत होत्या. संध्याकाळी पाणी मंडळ पुन्हा बसलं. मुद्दा एकच होता: अध्यक्ष प्रचाराला गेली तर झडपा कोण उघडणार? बोलाचाली झाली, थोडी भांडाभांडीही झाली. ठरलं ते असं की सोमवार ते शनिवार सेगुंदो आणि लूस मारिया पाहतील, रविवारची पाळी सेनाइदाने स्वतः चालवायची. देश कितीही मोठा असो, रविवारी ती इथे पाहिजे. सेनाइदाने मान्य केलं. होआकिनाने किल्ल्या काढल्या, प्रचाराला निघताना त्या सेगुंदोच्या हाती द्यायच्या असं बजावलं आणि स्वतःच्या हाताने मुलीच्या पट्ट्याला बांधल्या.

"आता खाली चाललीस की वर?" मंगळवारच्या त्याच आवाजाने विचारलं.

"पाणी जिथून येतं तिथे," सेनाइदा म्हणाली.

शनिवारी क्वितोच्या बंदिस्त मैदानात रुमीलोमाच्या चार बस आल्या होत्या. किनाऱ्याचे लोक ढोल वाजवत होते, डोंगराचे बासऱ्या, आणि दोन्ही सूर जुळत नव्हते, तरी कुणी थांबत नव्हतं. निवडणूक मंडळाच्या प्रतिनिधीने सेनाइदाचं पूर्ण नाव वाचलं आणि उमेदवारी मान्य आहे का, असं नियमाप्रमाणे विचारलं. एगासने तिला चार पानांचं भाषण लिहून दिलं होतं. तिने ते घडी घालून टोपीत ठेवलं.

"आरी," ती म्हणाली. आमच्या किचवा भाषेत 'हो'. मग स्पॅनिशमध्ये: "मला रीतसर मागितलंय. माझ्या गावाने पाठवलंय. माझं काम पाणी आहे, आणि ते तुम्ही सगळ्यांनी रेडिओवर ऐकलंय."

मैदान उठून उभं राहिलं. किनाऱ्याच्या ढोलवाल्यांनी, बहुधा पहिल्यांदाच, 'आरी, आरी' असा ठेका धरला. होआकिना सर्वांत खालच्या पायरीवर बसली होती. तिने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. क्वितोच्या ज्या बाई सेनाइदाला मारिया म्हणत त्या हयात आहेत की नाहीत, हे कुणी तपासलेलं नाही. भोंग्यातून मात्र तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं, पूर्ण आणि बरोबर.

बाहेर पडताना एका वार्ताहराने सेगुंदोला गाठलं. "पत्नी उपराष्ट्राध्यक्ष झाल्या तर तुमचं स्थान काय?"

"दुसरं," सेगुंदो म्हणाला. "जन्मापासून सराव आहे."

बस अंधार पडायच्या आत रुमीलोमाला पोचल्या. सेनाइदाने सभेचे बूट काढून दारामागे ठेवले आणि रबरी बूट सकाळसाठी उंबऱ्याशी आणून ठेवले. उद्या रविवार. सकाळी साडेपाचला तिसऱ्या झडपेचं पाणी लूस मारियाच्या बटाट्याला आहे, आणि झडपेची किल्ली सेनाइदाच्या पट्ट्याला आहे.